८५ चा आकडा आणि आजोबांची पाऊणकी

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या गावात राहतो. नवरा रापणीत आहे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात त्यात, मी मासे विकते. धाकटा नऊ वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गेला. मे महिन्यात तो ठाण्याला आत्याकडे होता. त्याला तिकडच्या इंग्रजी शाळेत घालायचं तिच्या मनात आहे, म्हणून तिने एका ठिकाणी त्याच्या बुद्धीची चाचणी करून घेतली. रिपोर्टवर 'मिसिक' असं नाव आहे. शाब्दिक ७७, कृती ९३, एकूण बुद्ध्यांक ८५, आणि खाली 'सरासरीपेक्षा कमी'. आत्या म्हणते, त्या बाई शुद्ध मराठीत आणि मध्येच इंग्रजीत विचारत होत्या, आणि हा मान खाली घालून गप्प. वाचताना जोडाक्षर आलं की तो अडतो. फळ्यावरचं उतरवायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. पण सासऱ्यांनी त्याला तिथीवरून भरती काढायला शिकवलीय, ती चुकत नाही. दुकानात पाठवला तर सुट्टे बरोबर मोजून आणतो. नवरा म्हणतो, डोकं नसेल तर रापण आहेच. कुडाळला एक क्लासवाले बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगतात, साडेतीन हजार घेतात, त्यांचा कागद घरी आलाय. ताई, माझा मुलगा मंद आहे का? ठशांची चाचणी करू का? त्याला ठाण्याला पाठवू का?

एक आई, मालवण तालुका

उत्तर

ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. मुलगा मंद नाही. ठशांवर एक रुपयासुद्धा घालवू नका. ठाण्याला पाठवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा, पण या कागदावरून ठरवू नका. आता सावकाश बोलू, कारण त्या रिपोर्टात तुमच्या उपयोगाचंही थोडं आहे आणि ते ८५ च्या भीतीखाली दबून गेलंय.

बुद्ध्यांक म्हणजे काय ते आधी बघा. ताप मोजतो तेव्हा पारा अंगातली उष्णता सांगतो. इथे डोक्यातलं असं काही मोजलेलं नसतं. एका वयाच्या पुष्कळ मुलांना तीच कामं देतात, त्यांच्या गुणांची सरासरी १०० धरतात आणि आपलं मूल त्या रांगेत कुठे उभं राहिलं ते सांगतात. बस, इतकंच. शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ या पट्ट्यात बसतात. तुमचा मुलगा या पट्ट्याच्या खालच्या काठावर आहे, आणि त्याच्याही मागे शंभरात सोळाएक मुलं आहेत. पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणायचे आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, त्याचा विचार ७० च्या आसपास सुरू होतो. तिथेही नुसत्या आकड्यावर निदान करता येत नाही. मूल रोजच्या व्यवहारात कसं वागतं, पैसे कसे हाताळतं, एकटं कुठे जाऊन येऊ शकतं का, हे बघावंच लागतं. जो मुलगा दुकानातून सुट्टे मोजून आणतो त्याच्याबद्दल हा प्रश्नच उठत नाही.

आणि ८५ म्हणजे अगदी ८५ च असंही धरू नका. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली असती तर ८१ आले असते, ८९ आले असते. म्हणून चांगल्या रिपोर्टात एक आकडा न देता 'अमुक ते अमुकच्या दरम्यान' असं लिहितात. तुमच्या रिपोर्टात ते नाही, ही उणीव आहे.

मला स्वतःला ८५ पेक्षा ७७ आणि ९३ महत्त्वाचे वाटतात. एकूण आकडा या दोघांची सरासरी काढून आलाय, आणि दोघांत सोळाचं अंतर आहे. इतकं अंतर असलं की सरासरी काढून दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. कृतीच्या भागात रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची असते, चित्रात काय राहिलंय ते दाखवायचं असतं, तुकडे जोडायचे असतात, चक्रव्यूहातून वाट काढायची असते. भाषेचं काम तिथे कमी. तिथे तुमचा मुलगा ९३ वर, म्हणजे रांगेच्या मध्याजवळ. शाब्दिक भागात मात्र सगळं कानाने ऐकून तोंडाने सांगायचं: सामान्य माहिती, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, तोंडी गणित, ऐकलेले आकडे परत म्हणून दाखवणं. तिथे तो घसरला.

आता विचार करा, हे ऐकणं आणि बोलणं कोणत्या भाषेत झालं? घरी तुमचा मुलगा माका-तुका बोलतो. शाळेतली पुस्तकी मराठी ही त्याने चार वर्षांत शिकलेली दुसरी भाषा. ठाण्याच्या त्या बाईंची मराठी आणखी वेगळी, वर इंग्रजीची फोडणी. खोली परकी, माणूस परकं. आणि आपल्याकडे पोरांना काय शिकवलेलं असतं? मोठ्यांसमोर आगाऊपणा करायचा नाही, नीट माहीत नसेल तर गप्प राहायचं. चाचणीत गप्प म्हणजे शून्य. 'माका म्हायत नाय' म्हणणारं मूल आणि माहीत असून संकोचाने तोंड न उघडणारं मूल, कागदावर दोघं सारखीच दिसतात.

मिसिक ही चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत डेव्हिड वेक्सलर यांनी १९४९ साली मुलांसाठी जी चाचणी केली, ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी आपल्याकडच्या मुलांसाठी बदलून १९६९ मध्ये आणली, आणि तिने पुष्कळ मुलांना मदतही मिळवून दिलीय. पण ज्या मुलांशी तुमच्या मुलाची तुलना झाली ती त्या काळातली. जेम्स फ्लिन नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात देशोदेशीचे आकडे मांडून दाखवलं की विसाव्या शतकात अशा चाचण्यांवरचे गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनने चढत गेले. म्हणजे जुन्या रांगेत उभं केलं की आजच्या मुलाचा नंबर जरा पुढेच लागतो. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला तुमची खोटी समजूत काढायची नाही. भाषेने त्याचा आकडा खाली ओढला असणार, आणि जुन्या मानकांनी थोडा वर ढकललाही असणार. दोन्हीचा हिशेब घालून खरा आकडा कोणीच काढून देऊ शकत नाही. अशा आकड्यावर मुलाची शाळा आणि गाव बदलायचं का?

माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगते. मी नव्याने चाचण्या घ्यायला लागले होते तेव्हाची. खाडीकाठच्या गावातली आठ वर्षांची मुलगी समोर होती. चाचणीतले खरे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, पण प्रश्न या जातीचा होता: होडी, वल्हं, जाळं, सुरमई, यातलं वेगळं काय? अपेक्षित उत्तर सुरमई, कारण ती सजीव आणि बाकीच्या वस्तू. मुलीने चित्रांवर बोट फिरवलं, थोडी थांबली आणि वल्ह्यावर बोट ठेवलं. मी शून्य लिहून पुढचं पान उलटलं. ती तेवढ्यात हळूच म्हणाली, "आता इंजान आसता." तिच्या बापाच्या होडीला इंजिन होतं. होडी, जाळं आणि सुरमई तिच्या घरात रोज एकत्र होती, आणि वल्हं पडवीत टांगलेलं होतं. तिने विचार केला होता, कारणही बरोबर दिलं होतं. नियमाप्रमाणे माझं शून्य बरोबरच होतं. पण त्या शून्याचा अर्थ मी 'हिला वर्गीकरण जमत नाही' असा रिपोर्टात लिहिला, आणि ते मात्र चूक होतं. ती ओळ मला आजही आठवते.

पुढे वाचनात आलं की हे जुनंच कोडं आहे. अलेक्झांडर लूरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. त्याने शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून वेगळं काय ते विचारलं. शाळेत गेलेले लोक ओंडका म्हणाले. न गेलेले म्हणाले, यातलं काहीच काढता येणार नाही, ओंडका नसेल तर करवतीचं काय करायचं? वस्तूंना कामावरून एकत्र बांधणं हीही बुद्धीच आहे. नावाच्या जातीवरून गट पाडायची सवय शाळा लावते, आणि चाचणी नेमकी तीच सवय तपासते. म्हणूनच या चाचण्यांचे गुण आणि शाळेतले गुण यांचा मेळ चांगला बसतो. दोघांना एकच गोष्ट हवी असते.

मुळात चाचणी जन्मली तीच शाळेसाठी. फ्रान्समध्ये सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाल्यावर काही मुलं वर्गात मागे पडताना दिसायला लागली. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली, त्यात आल्फ्रेड बिने होते. कोणत्या मुलाला जास्तीची मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता नीट ओळखता यावं, म्हणून त्यांनी थिओडोर सिमों यांच्याबरोबर १९०५ मध्ये ३० छोट्या कामांची एक मालिका केली. बिनेंना आपला आकडा म्हणजे मुलाची जन्मजात, कायमची बुद्धी असं कधीच वाटलं नाही. उलट, बुद्धी वाढवता येत नाही असं म्हणणाऱ्यांवर ते १९०९ च्या पुस्तकात सरळ तुटून पडले. लक्ष आणि आठवण सुधारावी म्हणून त्यांनी मुलांसाठी व्यायामही काढले होते. पुतळ्यासारखं स्थिर उभं राहायचा खेळ त्यातलाच. १९११ मध्ये ते गेले. मुलाचं मानसिक वय खऱ्या वयाने भागून, शंभरने गुणून एकच आकडा छापायची रीत नंतर अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये रूढ केली.

आणि आकडा एकदा वाटेला लागला की कुठवर जातो, तेही तुम्हाला माहीत असावं. व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीला अशाच मोजमापावरून मंदबुद्धी ठरवलं गेलं. तिची आई तशी, ती तशी, म्हणून तिची तान्ही मुलगीही तशीच निघणार, असं धरून तिची नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये परवानगी दिली. त्या मुलीचं नाव व्हिवियन. ती आठव्या वर्षी आजाराने गेली, पण तोवर दोन वर्षं शाळेत गेली होती, आणि एकदा तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागलं होतं. कोणी 'माझं पोरगं मंद आहे का' असं विचारलं की मला व्हिवियन आठवते.

मग बुद्धी म्हणजे नेमकं काय? शंभर-सव्वाशे वर्षं यावर वाद चाललाय. इंग्लंडच्या चार्ल्स स्पीअरमन यांना १९०४ मध्ये दिसलं की एका विषयात पुढे असलेली मुलं बहुतेक वेळा दुसऱ्यातही पुढे असतात, म्हणून त्यांनी सगळ्यामागे एक सामान्य बुद्धी मानली. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये ती सात क्षमतांत वाटली. मला तुमच्या रिपोर्टासाठी रेमंड कॅटेल यांची विभागणी सगळ्यात कामाची वाटते. त्यांनी दोन प्रकार केले. एक वाहती बुद्धी, जी नवं कोडं समोर आलं की तिथल्या तिथे वाट काढते. दुसरी साठलेली, म्हणजे शब्द, माहिती, शिकलेल्या रीती. तुमच्या भाषेत सांगायचं तर एक व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी आणि एक बावीचं, म्हणजे विहिरीचं. बावीत पाणी किती हे जमिनीवर अवलंबून असतं, तसं भोवती कोणती भाषा आणि कोणती पुस्तकं आहेत त्यावर साठलेली बुद्धी अवलंबून असते. तुमच्या मुलाचा ९३ बराचसा व्हाळाचा आहे आणि ७७ बराचसा बावीचा. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, पण घरी समजून घ्यायला पुरते. आणि बाव भरता येते. नॉर्वेत १९६० च्या सुमारास सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं. पुढे त्या मुलांचे एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या वेळचे आकडे तपासले, तर शाळेच्या एका जादा वर्षामागे जवळजवळ पावणेचार गुण वाढलेले दिसले. २०१२ मध्ये हे छापून आलं.

आता भरतीकडे येते. पत्र वाचताना मी तिथेच सगळ्यात जास्त थांबले.

तुमच्या सासऱ्यांनी नातवाला शिकवलंय ते गणित असं: तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरेल ते कळतं. चवथीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्यामागून तेवढीच सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. अंदाज म्हणून उत्तम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे पूर्वी शाळेत घोकून घ्यायचे, आता कोणी म्हणत नाही. तुमच्या घरात पाऊणकी जिवंत आहे आणि ती रोज कामाला येते. नऊ वर्षांचा मुलगा तिथी ऐकतो, पाऊणपट करतो, त्याचं घड्याळ करतो, दुसरी भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी हे लक्षात ठेवतो, पौर्णिमा उलटली की मोजणी पहिल्यापासून धरतो, आणि उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस कुठले नि भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे कुठले तेही त्यात बघतो. आणि ज्या शाब्दिक भागात तोंडी गणित आणि आकडे लक्षात ठेवणं असतं, त्यात याला कमी गुण पडलेत. म्हणजे आकडे त्याच्या डोक्यात राहतात. कुठल्याही अर्थाशी न जोडलेले आकडे परक्या खोलीत ऐकले की राहत नाहीत.

पण इथे हुरळून जायचं नाही. त्याने पाऊणकी समजून घेतलीय की नुसती पाठ केलीय, हे तुम्हाला आज रात्रीच कळेल. त्याला उलटं विचारा. भरती साडेसातला आहे, तर आज तिथी कुठली? त्याने थोडा वेळ घेऊन दशमी म्हटलं तर त्याच्या हातात नियम आहे. गोंधळला तर पाढा पाठ आहे. तेही कमी नाही, पुढचं शिकवायचं राहिलंय इतकंच. मग पाटीवर नुसतं लिहा: आठचे तीन चतुर्थांश किती? माझा अंदाज आहे की अष्टमीला पटकन सहा म्हणणारा मुलगा इथे अडेल.

असा अंदाज करायला कारण आहे. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी गिऱ्हाईक बनून बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक नारळ ३५ ला, तर दहाचे किती? मुलाने ३५ वर शून्य चढवलं नाही. तो म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, असं करत करत ३५० वर आला. बाजारात या मुलांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा ३७. आपल्याकडेही २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. बाजारातल्या मुलांना शाळेतलं सोपं गणित अडलं, आणि जी मुलं फक्त शाळेत जातात त्यांना बाजारातला हिशेब अडला. दोन्हीकडे बुद्धी आहे, मध्ये साकव, म्हणजे ओलांडायला छोटा पूल, नाही.

तुमच्या यजमानांना हे मुद्दाम वाचून दाखवा. 'डोकं नसेल तर रापण आहेच' या वाक्यात दोन चुका आहेत. रापणीला डोकं लागत नाही ही पहिली. पाण्याचा रंग बघून रापण कुठून घालायची, ओढ कुठली आहे, दोरी किती सोडायची, वाटे कसे पाडायचे म्हणजे कोणी रुसणार नाही, हे सगळं काय खांद्याने होतं? ते स्वतः रोज जे डोकं चालवतात त्याला ते डोकं म्हणत नाहीत, म्हणून मुलाचंही त्यांना दिसत नाही. दुसरी चूक अशी की बाजारातला हिशेब येतो म्हणून कागदावरचा नाही आला तरी चालेल, असं नाही. नाही चालणार. उद्या होडीचं कर्ज, विमा, अनुदानाचा अर्ज, सगळं कागदावर आहे. त्याला दोन्ही यायला हवं, आणि साकव बांधायची सोय तुमच्या घरात आहे.

आता त्या वाचनाच्या अडचणीकडे या, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं तेच आहे आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी त्यावर एक अक्षर खर्च केलेलं नाही. जोडाक्षराला अडणं, फळ्यावरचं उतरवायला दुप्पट वेळ. आधी डोळे तपासा. फळा दिसत नसेल तर उतरवायला वेळ लागणारच, आणि अशी मुलं मी डझनाने पाहिलीत ज्यांना चष्मा लागल्यावर 'हुशारी' आली. कानही तपासा, विशेषतः पावसाळ्यात कान फुटत असेल तर. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते फुकट बघतं आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतं. डोळे-कान ठीक निघाले तर गुरुजींना सांगून गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना एकदा त्याचं वाचन ऐकायला बोलवा. बुद्धी चांगली असूनही काही मुलांना अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायला फार कष्ट पडतात. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आलेली आहे आणि तिच्यासाठी परीक्षेत सवलती मिळतात. तुमच्या मुलाला ती आहे असं मी इतक्या लांबून म्हणणार नाही. तपासायला हवं इतकंच म्हणते. ७७ चा एक भाग तिथून आला असण्याची दाट शक्यता आहे. कमी वाचणाऱ्या मुलाकडे शब्द कमी साठतात, आणि शब्द कमी साठले की शाब्दिक आकडा घसरतो.

घरी रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर मोठ्याने वाचा. एक ओळ तुम्ही, एक तो. तुमचं वाचन अडखळत असेल तरी हरकत नाही, त्याला सोबत वाटेल. अडला तर शब्द सांगून पुढे जा, 'एवढं पण येत नाही' हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही. आणि मालवणीत बोलणं थांबवू नका. पुष्कळ आया रिपोर्ट आल्यावर घाबरून मुलाशी मोडकं शुद्ध बोलायला लागतात, त्याने घरातलं बोलणंच आटतं. गोष्ट मालवणीत सांगा, तीच पुस्तकातून वाचा.

ठशांबद्दल थोडक्यात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि मग बदलत नाहीत. मूल काय शिकलं, कोणत्या भाषेत वाढलं, याचा त्यांना पत्ता नसतो. तो कागद 'आठ प्रकारची बुद्धी' म्हणत असेल. ती कल्पना हॉवर्ड गार्डनर यांची. १९८३ मध्ये त्यांनी सात प्रकार मांडले, मागाहून आठवा घातला. शिक्षकांना मुलांकडे मोकळ्या नजरेने बघायला ती कल्पना उपयोगी पडली, म्हणून मला ती आवडते. पण हे प्रकार खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत याचा पुरावा पातळ आहे, आणि ते बोटाच्या ठशांत दिसतात याचा तर काहीच नाही. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलंय. साडेतीन हजारांत चष्मा होईल, गोष्टींची पुस्तकं होतील आणि पैसे उरतील.

आत्यावर रागावू नका. तिने प्रेमानेच केलं. तिला सांगा की वाचनाचं निदान होईपर्यंत माध्यम बदलायचं नाही. मालवणीतून मराठीत येताना तो आत्ता कुठे मध्यावर आलाय. इथेच तिसरी भाषा अंगावर आली तर पुढच्या चाचणीत ७७ चे आणखी खाली जातील, आणि तेव्हाही दोष त्याच्याच डोक्यावर येईल. पुन्हा चाचणी करायचीच झाली तर वर्ष-दोन वर्षांनी, मालवणी समजणाऱ्या माणसाकडून. आधी एक तास त्याला त्या माणसाशी नुसत्या गप्पा मारू द्या. रिपोर्ट फाडू नका, फाइलमध्ये ठेवा. विशेष शिक्षकांना ७७ आणि ९३ दाखवायला लागतील. मुलाला तो आकडा सांगू नका, आणि शेजारणीला तर मुळीच नको.

आणि साकवाचं काम या आठवड्यात सुरू करा. कालनिर्णय खाली काढून त्याच्या हातात द्या. रोजच्या चौकटीत तिथी बघून भरतीची वेळ त्यानेच पेन्सिलीने लिहायची. आधी 'पावणेसात' असं शब्दांत, मग ६:४५ असं आकड्यांत, मग वहीत ९ गुणिले ३/४. सासऱ्यांना जवळ बसवा, तोंडी तपासायचं काम त्यांचं. चौथीच्या पुस्तकात अपूर्णांक येतील तेव्हा ही वही गुरुजींना दाखवा.

नारळी पौर्णिमा जवळ येतेय. त्या दिवसाची भरती तो पाऊणकीने सव्वाअकरा काढेल. तुम्ही नारळ सोडायला जाल तेव्हा घड्याळ घेऊन त्याला बरोबर न्या. पाणी खरंच किती वाजता भरतं ते उभं राहून बघू दे. थोडं मागेपुढे होईल. फरक किती मिनिटांचा पडला तो त्यालाच वहीत लिहू दे, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा.